सोळा तासांचे विमान आणि काकूंचा डावा पाय

पातूरसारख्या गावात डॉक्टरकी करताना विमानप्रवासाविषयी सल्ला द्यावा लागेल, असे मी पंचवीस वर्षांपूर्वी म्हटले असते तर माझा कंपाउंडरही हसला असता. तेव्हा आमच्याकडे लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूर, फार तर काशी. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढणार, वाढणार, हे तर आम्ही केस काळे होते तेव्हापासून ऐकले. पण आज तालुक्यातल्या बऱ्याच घरांतला एखादा मुलगा किंवा मुलगी पुण्या-बंगळूरमार्गे अमेरिकेत पोहोचलेली आहे, आणि त्यांच्यामागे आईवडीलही निघाले आहेत. सुनेचे बाळंतपण, मुलीचे बाळंतपण, नातवाचे बारसे. महिन्या दोन महिन्यांत एखादे जोडपे हातात छापील कागद घेऊन दवाखान्यात येते आणि म्हणते, "डॉक्टरसाहेब, प्रवासाले फिट आहो म्हणून लिहून द्या."

असाच एक कागद मी काही वर्षांपूर्वी सही करून दिला होता. त्यात माझी एक चूक झाली. ती चूक आज सांगतो, कारण ज्यांच्या बाबतीत झाली त्यांनीच "लिही, लोकांना कळू दे" असे म्हटले आहे. नावे अर्थातच देत नाही.

गुरुजी मला चौथीत शिकवायला होते. भूगोल हा त्यांचा जीव की प्राण. वय त्यावेळी बहात्तर, काकूंचे सदुसष्ट. शेंडेफळ मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला, तिचे पहिले बाळंतपण. दोघेही आयुष्यात प्रथमच विमानात बसणार होते. तपासायला आले तेव्हा गुरुजींच्या काखेत शाळेतला जुना पृथ्वीचा गोल होता आणि खिशात शिवणाचा दोरा. रांगेतले पाच-सहा रुग्ण हे काय चालले आहे म्हणून बघत राहिले.

"अरे डॉक्टर, मुलगी म्हणते सोळा तास लागतात. मी नकाशात पाहिले तर मुंबईहून सरळ पश्चिमेला निघायचे, अरबस्तान, आफ्रिका, मग अटलांटिक ओलांडायचा. पण हा दोरा धर बरे." त्यांनी दोऱ्याचे एक टोक मुंबईवर दाबले, दुसरे न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कवर, आणि दोरा ताणला. ताणल्याबरोबर तो पश्चिमेऐवजी वर उत्तरेला सरकला. रशिया, फिनलंड, स्वीडन, आइसलंड, ग्रीनलंडचे खालचे टोक, कॅनडा आणि मग खाली न्यूअर्क. सपाट नकाशावर वाकडी दिसणारी हीच वाट गोलावर सर्वांत जवळची असते. हे अंतर भरते सुमारे १२,५५० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरच्या थोडा वर आहे, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा एका दमात. आमच्या पातूर-अकोला अंतराच्या चारशे पट म्हणा ना.

आता ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर चौदा तासांत संपायला हवे. मग सोळा कसे? त्याचे कारण वारा. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. अमेरिकेला जाताना ते छातीवर येतात आणि येताना पाठीवर. म्हणून जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा. सायकलवर शाळेत जाणाऱ्या पोरालाही हे समजते. शिवाय विमानाला नेहमीच दोऱ्याची वाट मिळते असे नाही. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकन कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाले, आणि २०२५ च्या एप्रिल महिन्यात पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा वळसे पडून तास वाढले, काही विमानांना मध्ये उतरून इंधन भरावे लागले. तिकीट काढताना एजंटाला "थेट की थांबून, आणि एकूण तास किती" हे विचारून घ्यावे. तब्येतीच्या दृष्टीने एकूण तास महत्त्वाचे, किलोमीटर नव्हे.

एअर इंडियाचे बोईंग विमान १९६० साली मुंबईहून न्यूयॉर्कला प्रथम गेले ते लंडनला थांबून. त्या काळी अशा थांब्यांवर माणूस उतरे, पाय मोकळे करी. २००७ च्या ऑगस्टपासून एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क न थांबता जाणारे विमान सुरू केले. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून निघून उत्तर ध्रुवावरून थेट बंगळूर गाठले, तेही सुमारे सतरा तासांत. सिंगापूर ते न्यूयॉर्क तर १५,३०० किलोमीटर, अठरा तासांच्या वर. यंत्राची ताकद वाढत गेली तशी माणसाची एका जागी बसून राहण्याची मुदतही वाढत गेली. यंत्राला ते झेपते, पण आपल्या पायांची बनावट तीच जुनी आहे.

असो. गुरुजींचा भूगोल ऐकून झाल्यावर मी दोघांचा रक्तदाब घेतला, छाती तपासली, काकूंची साखर बघितली, दोघांचा ई.सी.जी. काढला. सगळे ठीक. गुरुजींची रक्तदाबाची गोळी होती, काकूंना गुडघेदुखी. कागदावर "प्रवासास योग्य" असे लिहून सही-शिक्का मारला. काकूंचे पाय मी पाहिलेच नाहीत. लुगड्याच्या काठाखाली पोटऱ्यांवर निळ्या, फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा होत्या. त्या मी विचारल्या नाहीत आणि त्यांनी सांगितल्या नाहीत, कारण "त्या त वीस वर्षांपासून आहेत." वजन ऐंशी किलो, उंची जेमतेम पाच फूट, गुडघे दुखत असल्यामुळे उठणे-बसणे नकोसे. ही सगळी गोळाबेरीज एका कागदावर मांडली असती तर मी सही करण्यापूर्वी दहा मिनिटे बोललो असतो. त्या दिवशी बाहेर पंधरा रुग्ण बसले होते. हे काही समर्थन नव्हे.

जाण्याचा प्रवास निभावला. पायांना थोडी सूज आली, दोन दिवसांत उतरली. बाळंतपण सुखरूप झाले, नात झाली. पाच महिने राहून दोघे परतले. येताना न्यूअर्क ते मुंबई साडेचौदा तास, मुंबईत त्याच रात्री गाडी, दहा तासांनी अकोला, तिथून जीपने पातूर. म्हणजे मधला विमानतळावरचा आणि स्टेशनवरचा वेळ धरून जवळजवळ दीड दिवस बसूनच.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा डावा पाय गुडघ्याखाली जड वाटू लागला. चौथ्या दिवशी सुजला. शेजारच्या बाईने सांगितले, प्रवासाने शीर आखडली असेल, तेल लावून चोळा. दोन दिवस मोहरीच्या तेलाने चोळणे झाले. सहाव्या दिवशी गुरुजी त्यांना घेऊन माझ्याकडे आले. पोटरी गरम, ताणलेली, दाबली की दुखे. उजवा पाय अगदी नेहमीसारखा. मी शिंप्याची टेप काढली आणि दोन्ही पोटऱ्या गुडघ्याखाली एकाच अंतरावर मोजल्या. उजवी ३४ सेंटिमीटर, डावी ३८. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला की डॉक्टरच्या मनात धोक्याची घंटा वाजते. माझ्या मनात ती वाजलीच, आणि त्याबरोबर पाच महिन्यांपूर्वी केलेली सहीही आठवली.

"काकू, विमानात उठल्या होत्या का हो मधून मधून?"

"कशी उठू बापा? मी खिडकीपाशी, अन् बाजूले दोन मोठे मोठे साहेब झोपेल. त्याईले उठवू कसं? अन् इंग्रजीत काय म्हणू?"

"आणि लघवीला?"

"म्हणून त पाणीच नाही पेली मी. निघायच्या आंधीपासून पेली नाही."

वाचकहो, हे उत्तर मी त्यानंतर निदान डझनभर बायकांच्या तोंडून ऐकले आहे. विमानातल्या त्या इवल्याशा संडासाची भीती, दार आतून लागेल आणि उघडणार नाही ही भीती, परक्या पुरुषाच्या गुडघ्यांवरून ओलांडून जाण्याचा संकोच. आणि या सगळ्यावर आपल्या घरातल्या बायकांनी शोधलेला एकच उपाय, पाणी न पिणे. एस.टी.च्या प्रवासातही त्या हेच करतात. लग्नाच्या वऱ्हाडातही हेच करतात.

काकूंना मी त्याच दुपारी अकोल्याला पाठवले. चालू दिले नाही, गाडीत पाय लांब करून निजवून नेले. पायाची कलर डॉपलर सोनोग्राफी झाली. पोटरीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी होती. नशीब इतकेच की ती जागची सुटलेली नव्हती.

आता ही गुठळी होते कशी, ते थोडे समजून घेऊ. हृदय रक्त खाली ढकलते, पण तळपायापासून ते वर परत नेण्याचे काम फार करून पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला पोटरी आवळते आणि शिरेतले रक्त वर पिळले जाते. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये जागोजागी झडपा असतात. हातपंपाचेच तत्त्व. हापसणे बंद केले की पाणी थांबते. माणूस गुडघे वाकवून तासन् तास बसला की पोटरीचा पंप बंद पडतो, खुर्चीची कड मांडीखालच्या शिरा दाबते, रक्त साचते, आणि साचलेले रक्त गोठते. ज्यांच्या शिरा आधीच फुगलेल्या आहेत त्यांच्या झडपा नीट मिटत नाहीत, तिथे साचणे अधिक.

पायातली गुठळी स्वतः जिवावर उठत नाही. ती सुटून रक्ताबरोबर हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकली तर मात्र माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. एकाएकी धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणे, ही तिची लक्षणे. अशा वेळी गावातल्या दवाखान्यात वेळ न दवडता थेट मोठे रुग्णालय गाठावे. आणि एकच पाय सुजला, दुखू लागला, तर तो चोळू नये, शेकू नये, दाबू नये. काकूंच्या शेजारणीचा हेतू चांगला होता, पण त्या दोन दिवसांच्या मालिशीत काय होऊ शकले असते याचा विचार मी आजही करत नाही.

ही गोष्ट विमानाने जन्माला घातली असे मात्र समजू नका. १९४० साली लंडनवर जर्मन बॉम्बवर्षाव होत असताना लोक रात्र रात्र तळघरांतल्या आसऱ्यात घडीच्या कापडी खुर्च्यांवर बसून झोपत. तेव्हा फुप्फुसात गुठळी जाऊन होणारे मृत्यू एकदम वाढल्याचे कीथ सिम्प्सन या शवविच्छेदनाच्या डॉक्टरांनी नोंदवले होते. खुर्चीची कड आणि रात्रभराचे बसणे. तिथे विमान कुठेच नव्हते. पुढे १९७० च्या दशकात या आजाराला विमानातल्या स्वस्त वर्गाचे नाव चिकटले, जणू महाग तिकीटवाल्यांना तो होतच नाही. त्यांनाही होतो. न हलणाऱ्या कुणालाही होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने यावर मोठा अभ्यास करून २००७ मध्ये अहवाल दिला. चार तासांपेक्षा जास्त प्रवासाने गुठळीची शक्यता साधारण दुप्पट होते, आणि हे विमानालाच नव्हे तर रेल्वे, बस आणि मोटार या सगळ्यांना लागू आहे. पण लगेच घाबरून तिकीट रद्द करायला जाऊ नये. दुप्पट झाली तरी मूळ शक्यता फार लहान आहे. निरोगी माणसांत अशा सुमारे सहा हजार प्रवासांत एकाला. प्रश्न त्या लोकांचा आहे ज्यांच्या बाबतीत एकावर एक कारणे चढतात. पूर्वी गुठळी झालेली, नुकतेच गुडघ्याचे, खुब्याचे किंवा पोटाचे ऑपरेशन झालेले, पाय प्लॅस्टरमध्ये असलेला, कर्करोगाचा उपचार चाललेला, गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेणारी, वजन जास्त असलेली माणसे. त्याच अभ्यासात आणखी एक गंमत निघाली. फार उंच माणसांप्रमाणे बुटक्या माणसांनाही धोका जास्त. कारण त्यांचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, लोंबकळतात, आणि खुर्चीची कड मांडीत रुतते. पाच फुटांच्या आमच्या बायकांनी हे लक्षात ठेवावे. पुढच्या सीटखाली ठेवलेली पिशवी ओढून तिच्यावर पाय टेकवावेत. त्याला पैसे पडत नाहीत.

अकोल्याहून पुण्याला लक्झरीने रात्रभर बसून जाणारे आपले विद्यार्थी, व्यापारी, दिवाळीला माघारी येणारी नोकरदार मंडळी, या सगळ्यांनाही हीच गोष्ट लागू. बस ढाब्यावर थांबली की खाली उतरा, चार पावले चाला. "झोपमोड होते" म्हणून दोन-दोन थांबे बसून काढणारे प्रवासी मी पाहिले आहेत.

विमानाचे वेगळेपण थोडे आहे, तेही सांगतो. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडते तेव्हा आतली हवा दाबून ठेवतात, पण जमिनीइतकी नाही. आतला दाब सहा ते आठ हजार फूट उंच डोंगरावर असावा इतका असतो. आपले चिखलदरा साधारण साडेतीन हजार फुटांवर. म्हणजे एका चिखलदऱ्यावर दुसरे चिखलदरा ठेवून त्याच्या माथ्यावर रात्रभर बसल्यासारखे. धट्ट्याकट्ट्या माणसाला काही कळत नाही. पण ज्याला दोन जिने चढताना धाप लागते, जुना दमा किंवा फुप्फुसांचा आजार आहे, किंवा हिमोग्लोबिन आठच्या आसपास आणि खाली आहे, त्याला तिथे त्रास होऊ शकतो. आपल्याकडच्या बायकांचे हिमोग्लोबिन आठ असणे ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणून परदेशी निघण्याच्या दोन महिने आधी रक्त तपासा. आदल्या आठवड्यात तपासून मला काही करता येत नाही. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये आत वायू भरला असेल तर तो विरेपर्यंत विमानात बसायचेच नाही, कारण उंचीवर तो वायू फुगतो आणि दृष्टी जाऊ शकते. हृदयविकाराचा झटका, मोठे ऑपरेशन नुकतेच झाले असेल तर ज्याने उपचार केले त्याच डॉक्टरला विचारावे.

हवा मात्र फार कोरडी असते. ओलावा दहा-वीस टक्के. ओठ, डोळे, नाक सुकते. पाणी प्यावे. प्रामाणिकपणे सांगायचे तर नुसते पाणी पिण्याने गुठळी टळते याचा भक्कम पुरावा नाही. पण पाणी प्यालेल्या माणसाला उठावे लागते, आणि उठलेला माणूस चालतो. माझ्या दृष्टीने पाण्याचा मोठा गुण हाच. तासा-दीड तासाने उठावे, मधल्या बोळातून शेवटपर्यंत जाऊन यावे. उठता येत नसेल तर बसल्या जागी टाच टेकवून चवडा उचलायचा, मग चवडा टेकवून टाच उचलायची. शिलाई मशीन पायाने चालवल्यासारखे. ज्या बायकांनी आयुष्यभर मशीन चालवले त्यांना हे शिकवावे लागत नाही. झोपेची गोळी घेऊन सोळा तास ओंडक्यासारखे पडून राहणे मात्र वाईट. आणि "रक्त पातळ" करायला म्हणून अ‍ॅस्पिरिनची गोळी मनाने घेऊ नये. शिरेतल्या गुठळीवर तिचा भरवसा नाही आणि पोटात रक्तस्राव होण्याचा धोका आहे. दाब देणारे लांब मोजे मिळतात, ते शिरा फुगलेल्यांना उपयोगी आहेत, पण पायाच्या रोहिणीतच रक्तपुरवठा कमी असेल तर तेच मोजे नुकसान करतात. विचारूनच घ्या.

घड्याळाचा घोळ हा आणखी एक विषय. मुंबईहून रात्री एकला निघालेले विमान सोळा तास उडून न्यूअर्कला पोहोचते तेव्हा तिथे उन्हाळ्यात त्याच दिवसाचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. घड्याळाप्रमाणे प्रवास साडेसहा तासांचा! बाकीचे साडेनऊ तास सूर्यामागे धावण्यात गेले. शरीराला ही हातचलाखी कळत नाही. ते पातूरच्याच वेळेवर चालते आणि रोज साधारण तासाभराने सरकत जुळते. काकू पहिले आठ दिवस पहाटे दोनला उठून पोहे करत होत्या. जावईबापू खाऊन पुन्हा झोपायचे. तिथे पोहोचल्यावर सकाळच्या उन्हात फिरणे आणि दुपारी न लोळणे, यापेक्षा चांगले औषध मला माहीत नाही.

रक्तदाबाची गोळी चार-सहा तास मागेपुढे झाली तर आकाश कोसळत नाही. गुरुजींनी आपले एच.एम.टी.चे घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवले आणि विमानात त्याप्रमाणे गोळी घेतली, हे उत्तम. इन्शुलिन घेणाऱ्यांचे मात्र तसे नाही. जाताना दिवस लांबतो, जेवणे वाढतात, एखादा जादा डोस लागू शकतो. येताना दिवस आखूड होतो, दोन डोस जवळ येतात आणि साखर एकदम खाली जाण्याची भीती. आमच्या भागातले एक कापसाचे व्यापारी मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. तो प्रवास साडेतेरा हजार किलोमीटरचा, आणि वेळेत साडेबारा तासांचा फरक, म्हणजे तंतोतंत रात्रीचा दिवस. त्यांना मी कागदावर भारतातली वेळ, तिथली वेळ, जेवण आणि इंजेक्शन असे चार रकाने आखून दिले होते. परतल्यावर म्हणाले, हाच कागद सगळ्यांत कामी आला. इन्शुलिन, गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी नेहमी हातातल्या पिशवीत. सामानात टाकलेले इन्शुलिन विमानाच्या पोटात गोठून वाया जाऊ शकते, आणि बॅग चुकली की औषधेही चुकली. तिकडे दुकानात चिठ्ठीवाचून गोळी मिळत नाही, हे आपल्याकडच्या माणसाला खरेच वाटत नाही. प्रवासाचा आरोग्यविमाही इथूनच घेऊन निघावे, आणि जुने आजार त्यात लपवू नयेत.

काकूंना अकोल्यात सात दिवस ठेवले. आधी गुठळी वाढू नये म्हणून हेपारिनची इंजेक्शने, मग घरी गोळ्या, आणि वरचेवर रक्ताची तपासणी. तीन महिन्यांनी डॉपलर पुन्हा केली, शीर मोकळी झाली होती. पाय संध्याकाळी थोडा जड होतो तो होतोच.

दोन वर्षांनी मुलीचे दुसरे बाळंतपण आले. गुरुजी एकटेच कागद घेऊन आले आणि म्हणाले, "हिला नेऊ की नको? तू नाही म्हटलास तर मी तिला समजावतो." मी हो किंवा नाही काहीच म्हटले नाही. आधी काकूंना आणायला सांगितले आणि पंचेचाळीस मिनिटे दिली. लुगडे गुडघ्यापर्यंत वर करायला लावून दोन्ही पाय पाहिले. अकोल्याच्या फिजिशियनशी बोललो. त्यांनी जाताना आणि येताना घेण्यासाठी प्रतिबंधक औषध ठरवून दिले. हे औषध ज्याला गुठळी होऊन गेली आहे अशाच माणसासाठी, तेही तपासून. मोजे मापाने घेतले. तिकीट काढतानाच कडेची सीट मागायला लावली. मुंबईला उतरल्यावर लगेच रेल्वेत न बसता एक रात्र भाचीकडे मुक्काम करायचे ठरले. आता बेलोऱ्याचा विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू होऊन अमरावतीहून मुंबईला विमान लागले. ते त्या वेळी असते तर एवढीही यातायात नव्हती.

"इंग्रजीत काय म्हणायचे ते मी शिकवले आहे," गुरुजी म्हणाले. काकूंनी मान डोलावली.

पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी न्यू जर्सीहून फोन आला. कडेची सीट मिळाली होती. तासा-दीड तासाने उठल्या, एकूण नऊ वेळा. मध्ये एकदा खाद्यपदार्थांच्या गाडीने बोळ अडवला होता, तेव्हा शिकवलेले इंग्रजी काही आठवले नाही. "मी म्हटलं, सरका बाप्पा थोडं. तं सरकली ना थे पोट्टी."

मग मी जावयाला फोन द्यायला सांगितले आणि टेप आणून दोन्ही पोटऱ्या मोजायला लावल्या. उजवी ३४, डावी साडेचौतीस.